वळचणीला खोचलेलं कार्ड

महिपत डुंबरे माझा शेजारी. डोंबिवलीत काळुराम म्हात्र्यांची कौलारू चाळ होती, तिच्यात शेवटची खोली माझी आणि तिच्या आधीची त्याची. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे चाळीतल्या सगळ्यांचे अर्ज, विनंत्या आणि तक्रारी माझ्या हातून जायच्या. लोक मला मास्तर म्हणायचे. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा भारी तोरा होता. तो कसा उतरला तेही यात येईलच.

साल एकोणीसशे चोपन्न. महिपत पंचविशीचा, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघणारा. घरात तो आणि त्याची आई हौसाबाई. मूळचे जुन्नर तालुक्यातले, ओतूरच्या बाजूचे. वडील तो लहान असतानाच वारले आणि धाकू नावाच्या चुलत्यानं त्याला वाढवलं. धाकूला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. घर आणि शाळा यांच्यामध्ये नदी, आणि नदीला पूल नाही. पावसाळ्यात पाणी छातीला लागलं तरी धाकू पुतण्याला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायला काठावर उभा असायचा. महिपतच्या डोक्यात पुलाचं वेड शिरलं ते तिथंच. मुंबईला येऊन त्यानं ओव्हरसियरची परीक्षा पास केली, पण नोकरी मिळाली ती माजिवड्याला, रस्त्याच्या एका कंत्राटदाराकडे ट्रेसरची. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि त्याच्याच रेषांवरून शाईची रेघ ओढायची.

"मास्तर, दिवसभर मी दुसऱ्याचं गिरवतो," तो म्हणायचा. ते कामही एप्रिलअखेर संपणार होतं.

मार्चमध्ये त्याला फोर्टातल्या सल्लागार इंजिनिअरांच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. ही कंपनी स्वतः काही बांधत नसे. पूल कुठे घालावा, खांब किती जाड हवा, पाया किती खोल, एवढं गणित करून दुसऱ्याला सांगायचं हेच तिचं काम. हौसाबाईंना हे काही केल्या पटेना.

"नुसतं सांगायचं? आन् बांधनार दुसराच?"

"हो आई."

"मंग आपल्या मास्तरांसारखंच की!"

माझी बायको, वासंती, आतून इतकी हसली की तिच्या हातातलं भांडं पडलं.

मुलाखत झाली. धाकट्या साहेबांनी घेतली. थोरले साहेब दौऱ्यावर होते. ते आले की दुसरी मुलाखत, आणि मग निकाल. पंधरा दिवसांत कळवू म्हणाले. महिपत घरी आला तो तोंड पाडूनच.

"एक प्रश्न चुकलो मास्तर. पुरात पुलाचा खांब पडतो तो कशानं, असं विचारलेलं. मी म्हटलं, पाण्याच्या जोरानं. जिन्यावरून उतरताना आठवलं, पाण्याचा जोर नाही, पायाखालची माती वाहून जाते म्हणून पडतो. परत वर जाऊन सांगणार होतो. पण नाही गेलो."

पंधरा दिवस झाले, वीस झाले. पत्र नाही. माणसाला नकार परवडतो, पण ही अशी शांतता नको. महिपत सकाळी पोस्टात जाऊन उभा राहायचा, मग माजिवड्याला कामावर, परत आल्यावर आधी आईला "काही आलं का?" आणि मग पायातल्या वहाणा काढायच्या. एकदा तर अर्धा दिवस रजा टाकून फोर्टात गेला, कंपनीच्या दारासमोरच्या फुटपाथवर तासभर उभा राहिला आणि तसाच माघारी आला.

"वर का नाही गेलास?" मी खवळलो.

"तुम्हीच म्हणालात ना, गरजू दिसू नये."

म्हणालो होतो खरा. पाठपुरावा कसा करावा याबद्दल माझी मतं फार ठाम होती. तीन आठवड्यांच्या आत आठवण करू नये. पत्र आठ ओळींच्या वर जाऊ नये. स्वतः तोंड दाखवायला तर मुळीच जाऊ नये. मी स्वतः आयुष्यात एकच मुलाखत दिली होती आणि तीही चुलतसासऱ्यांच्या शाळेत, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला एक पत्र लिहून दिलं. झकास इंग्रजी होतं. उत्तर आलं नाही.

तेवढ्यात दुसरंच त्रांगडं उभं राहिलं. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यानं टाइमकीपरच्या जागेसाठी अर्ज टाकला होता, तिथून होकार आला. दहा मेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणजे कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे जन्मभर लिहीत बसायचं. पण नोकरी पक्की होती. आंबिवलीला हो म्हणावं तर पूल गेला, फोर्टाची वाट बघावी तर दोन्ही जायची भीती. महिपतचं जेवण तुटलं. हौसाबाई त्याच्या ताटातली उरलेली भाकरी माझ्या बायकोला दाखवून डोळे पुसायच्या.

मग मला युक्ती सुचली. जोडकार्ड! आता ते फारसं कुणी वापरत नाही म्हणून सांगतो. एकमेकांना जोडलेली दोन कार्डं यायची. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर स्वतःचा पत्ता घालून ते कोरं ठेवायचं. समोरच्यानं कोरं कार्ड ओढून वेगळं करायचं, त्यावर उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं. हातात आयतं कार्ड आलं की मोठ्यातला मोठा आळशी कारकूनही दोन ओळी खरडतो, असं मी महिपतला समजावलं. वीस एप्रिलला जोडकार्ड गेलं.

पुढे जे घडलं ते मला बारा दिवसांनी कळलं, पण सांगायला हवं ते इथेच.

सत्तावीस एप्रिलला दुपारी पोस्टमननं महिपतच्या खिडकीतून एक कार्ड आत टाकलं. हौसाबाई एकट्याच होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. गावाकडचं पत्र आलं की त्या वासंतीकडे वाचायला आणायच्या. कार्ड उचललं आणि तसंच खाली टाकलं. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. बघणाऱ्यानं ओळखायचं, आणि वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवायचं नाही. धाकू महिनाभर अंथरुणावर होता, अन्न जात नाही असं गावाहून मागेच कळलं होतं. हौसाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. धाकूभावजी गेले.

आता त्यांचं डोकं कसं चाललं बघा. महिपतला कळलं की त्याला सुतक लागणार. चुलत्याला मूलबाळ नाही, म्हणजे क्रियेला पुतण्याच बसणार. केस उतरवून तेरावा उरकून यायला पंधरा दिवस मोडणार. आणि नेमकं तेव्हा मुंबईचं बोलावणं आलं तर? सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यावर. बातमी पडलीच नाही तर पोरगं मोकळं राहील. बोलावणं येऊ दे, मुलाखत होऊ दे, मग सांगू. कार्ड घरात तर ठेवायचं नव्हतंच. त्यांनी ते मागच्या दाराच्या वळचणीला, कौलाखाली खोचून ठेवलं आणि स्वतः डोक्यावरून आंघोळ केली.

आणि ते कार्ड गावचं नव्हतंच. ते आमच्या जोडकार्डाचं उत्तर होतं. कारकुनानं घाईत ओढून वेगळं करताना कोपरा दुसऱ्या कार्डाला चिकटून राहिला होता. मंगळवार, चार मे, सकाळी अकरा वाजता दुसऱ्या मुलाखतीला हजर राहावे, असं त्यावर लिहिलं होतं. मुलाखत हुकू नये म्हणून त्या बाईनं मुलाखतीचंच बोलावणं वळचणीला खोचलं.

चार मे आला आणि गेला. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता महिपत माझ्याच खोलीत बसून खांबाच्या पायाचं गणित सोडवत होता. तो चुकलेला प्रश्न त्याच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हता. कुठून कुठून पुस्तकं आणून त्यानं दीड वही भरली होती.

वासंतीच्या लक्षात काहीतरी आलं होतं. "हौसाबाईंचं काय बिनसलंय कळत नाही," ती म्हणाली. "खाली नुसत्या घोंगडीवर निजतात. देवाला हात लावत नाहीत, महिपतला दिवा लावायला सांगतात. आज अखितीचा सण, पण पुरणसुद्धा घातलं नाही."

"पोराची काळजी असेल," मी म्हणालो. बायकांच्या गोष्टीत मी एवढंच लक्ष घालायचो.

शनिवारी आठ तारखेला महिपत माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "पुरे झालं मास्तर. सोमवारी मी आंबिवलीला हजर होतो. फोर्टवाल्यांना मी नकोय, आणि मला ते कळायला दोन महिने लागले."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

तासाभरात हौसाबाई आमच्या दारात उभ्या. हातात धूळ बसलेलं कार्ड, तेही कडेला धरलेलं.

"मास्तर, येवढं वाचून दावा. आंघुळीचं पानी तापत ठिवूनच आलेय."

"कसलं कार्ड?"

"भावजींचं. बारा दिस झालं. पोराची मुलाखत व्हईस्तवर दाबून ठिवलं व्हतं. आता त्यो आंबिवलीला जातोय, म्हंजी मुलाखत काय व्हत न्हाई. मंग कशापायी दडवू?"

मी कार्ड घेतलं. उलटून पाहिलं. पत्ता महिपतच्या हातचा होता.

"हौसाबाई, हे गावचं नाही. मुंबईचं आहे. महिपतला मुलाखतीला बोलावलं होतं, चार तारखेला."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा पाहिला नाही. "म्हंजी भावजी हायेत? जित्तं हायेत?" त्यांनी तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. हसत होत्या आणि रडतही होत्या. "म्या धा दिस सुतक पाळलं वो त्यांचं! एकलीनं पाळलं! मेलं माझं तोंड!"

महिपत दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं माझ्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि उंबऱ्यावर बसला. आईचं हसू हळूहळू ओसरलं. आपण काय केलं ते तिला आता उमगायला लागलं होतं.

"तुज्यासाठीच ठिवलं रं बाळा," ती म्हणाली. "तुजी मुलाखत चुकू नये म्हनून."

तो चिडेल असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असतो तर आकाशपाताळ एक केलं असतं. तो कार्डाचा फाटका कोपरा अंगठ्यानं चाचपत म्हणाला, "आई, दहा दिवस तू खाली निजलीस आणि मी विचारलंपण नाही."

रविवारभर आमचा खल चालला. सोमवारी आंबिवलीला हजर व्हायचा शेवटचा दिवस, आणि फोर्टातलं ऑफिस उघडणार तेही सोमवारीच. एक गाडी कल्याणकडे, दुसरी मुंबईकडे. मी रात्रीच एक दिलगिरीचं पत्र लिहून ठेवलं होतं: 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे. महिपतनं ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"चांगलंय मास्तर. पण खोटं आहे."

सोमवारी तो मुंबईच्या गाडीत बसला. मी सुट्टीतल्या जादा वर्गात त्या दिवशी एकच धडा दोनदा शिकवला. आंबिवलीची जागा त्या संध्याकाळी दुसऱ्याला जाणार होती आणि फोर्टात काय होईल याचा काही भरवसा नव्हता. आठवडाभर आधी मी त्याला जा, तोंड दाखव म्हटलं असतं तर? हा प्रश्न मला दिवसभर खात होता.

तिथे काय झालं ते त्यानं संध्याकाळी सांगितलं. हेडक्लार्क उत्तमराव म्हणून होते. "तू आला नाहीस, तुझं नाव खोडलं," म्हणाले. महिपतनं कार्ड पुढे ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. आई वाचत नाही, चुलते आजारी आहेत, एवढंच बोलला. उत्तमरावांनी फाईल उघडली. जोडकार्डाचा पहिला अर्धा भाग तिथेच टाचलेला होता आणि त्याच्या कडेला दुसऱ्याचा कोपरा लोंबत होता. त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून पाहिले. कोकणातला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "मीच ओढलं हे," म्हणाले आणि उठून आत गेले.

थोरल्या साहेबांनी वीस मिनिटं दिली. शेवटी काही विचारायचंय का म्हणाले, तेव्हा महिपत म्हणाला, "मार्चमध्ये मी एक उत्तर चुकलो होतो, ते दुरुस्त करू का?" आणि वही काढून खांबाच्या पायाखालची माती पुरात किती खोलवर जाते त्याचं गणित मांडलं. साहेबांनी वही ठेवून घेतली. आठवड्याभरात कळवू म्हणाले.

पुन्हा आठवडाभर! पण आता हौसाबाईंनी पोस्टमनची वाट धरली. चाळीच्या तोंडाशी बसून राहायच्या. पंधरा तारखेला दुपारी त्या धावतच आमच्याकडे आल्या. एका हातात साखरेची वाटी, दुसऱ्यात कार्ड.

"आलं बगा! ह्याचाबी कोपरा फाडलाय त्या मेल्यानं!" त्यांनी वासंतीच्या तोंडात साखर घातली, माझ्या घातली. मग कार्ड वासंतीच्या हातात दिलं. "वाच गं!"

वासंतीनं वाचलं आणि तिच्या तोंडातली साखर तशीच राहिली. कार्ड ओतूरहून आलं होतं. अकरा तारखेला पहाटे धाकू गेला. क्रियेला भावकीतला गोविंदा बसला आहे, महिपतला निरोप द्यावा.

हौसाबाईंनी वाटी खाली ठेवली. रडल्या नाहीत. "पानी तापवाया ठिवते," म्हणाल्या आणि गेल्या.

महिपतचं दुःख मी लिहीत नाही. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

अठरा तारखेला पाकीट आलं. कार्ड नव्हे, चांगलं जाड पाकीट, आणि कुणीतरी, उत्तमरावांनीच असणार, त्याच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं होतं. नेमणूक झाली होती. उद्या, एकोणीसला सकाळी दहा वाजता हजर व्हावे. सुतक फिटायला अजून दोन दिवस होते.

"मी नाही जाणार," महिपत म्हणाला. "काकांनी मला खांद्यावरून नेलं आणि मी त्यांच्यासाठी दहा दिवस बसू नको? मास्तर, दोन दिवसांची मुदत मागा."

एकदा हुकलेला उमेदवार पुन्हा मुदत मागतो म्हटल्यावर काय होणार, हे मला कळत होतं. तरी मी लिहायला बसलो. आठ ओळी, सुरेख उतरल्या.

हौसाबाई आत आल्या. त्यांनी माझ्यापुढचा कागद उचलून बाजूला ठेवला आणि पोराकडे वळल्या.

"भावजींचं सुतक पाळून झालंय," त्या म्हणाल्या. "धा दिस. त्ये जित्तं व्हतं तवाच म्या पाळलंय. एका मानसाचं सुतक किती डाव पाळायचं? तू कामाला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपत गेला. हौसाबाई दारात उभ्या राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या. मग आत गेल्या, दार लोटून घेतलं आणि मोठ्यानं गळा काढला. "भावजी! वो भावजी!" पहिल्या सुतकात त्यांना रडायचीही सोय नव्हती, भिंत पातळ, कुणी ऐकलं असतं. वासंती उठून त्यांच्याकडे जायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. आम्ही दोघंही आपल्या खोलीत बसून राहिलो आणि त्यांना रडू दिलं.